उचंत

येईल ते नावे, जाईल ते जमा.
पहिल्या वर्षी, पहिल्याच तासाला
म्फुथी सरांनी फळ्यावर लिहिलं.
सुट्टीत घरी जाऊन आत्याला सांगितलं
तर पीठ मळता मळता ती हसली:
गेलं ते जमा कसं गं?
रोमाच्या विद्यापीठात हेच शिकवतात,
माझ्या चार शेळ्या विकून?

आता दुसरं वर्ष. जून महिना.
मालोटीच्या डोंगरांवर बर्फ,
आणि इथल्या पैशाचं नावही तेच, मालोटी.
खोलीत दोघींत एक रॉकेलची शेगडी,
लिम्पो परिव्यय लेखांकनावर गाल टेकून झोपलेली.
सकाळी पेपर आहे.
पण माझ्यापुढे उघडी आहे
बिस्किटांच्या डब्यात ठेवतात ती वही,
सेमोंकोंगच्या आमच्या मर्तिक मंडळाची.
आत्या खजिनदार. म्हणाली,
शिकतेयस ना, मग बघ जरा.

बायका तेवीस, दरमहा नव्वद.
कुणी गेलं की शवपेटी, बैल, तंबू, चहासाखर.

तीनदा बेरीज केली.
वरून खाली, खालून वर, मग डोळे धुऊन.
डब्यात पाचशे चाळीस जास्त.

फरकाला नऊने भाग जात असेल
तर आकड्यांची अदलाबदल झालीय असं समजा,
सर सांगतात.
भाग गेला. साठ, बाकी शून्य.
म्हणून अर्धी रात्र अदलाबदल शोधली,
आठशे वीसचे दोनशे ऐंशी
कुठे झालेत का ते.
पेटीवाल्या सुताराची पावती, बैलाची पावती,
तंबूवाल्याचा अंगठा.
सगळं जागच्या जागी.

कमी पडले असते तर सोपं होतं.
कमी पडलं की माणूस धरायचा असतो.
जास्तीसाठी पुस्तकात एकच ओळ आहे:
खुलासा होईपर्यंत उचंत खात्यात टाकावे.

पहाटे कधीतरी, उगाच,
नव्वदने भागून पाहिलं.
सहा.
जानेवारी ते जून.
नावं तेवीस, पैसे चोवीस जणांचे.

डिसेंबरात त्सेदिसो निघाला होता.
सीमेपलीकडे, वेल्कमला,
बंद पडलेल्या एका खाणीत,
जिथे उतरणाऱ्यांची हजेरी कुणी घेत नाही.
नाताळला फोन आला. मग नाही.
आत्या त्याच्याबद्दल अजून वर्तमानकाळात बोलते.
त्याला भोपळा आवडतो.
ते बूट तिथेच राहू दे, त्याचे आहेत.

मर्तिकाच्या वहीत
मुलाचं नाव कोणत्या हाताने लिहायचं?
आणि न लिहून, उद्या काही झालंच तर?
तिने पैसे घातले, नाव घातलं नाही.
जमा आहे. नावे कुणाच्याच नाही.

चालू संस्थेचं गृहीतक, दहा गुण:
उलट पुरावा मिळत नाही तोवर
संस्था पुढेही चालू राहील असं धरावं.
हे पान मला तोंडपाठ होतं.
मी ते पुन्हा उघडून वाचलं.

उजाडताना तिचा फोन.
जुळलं का?
जुळलं, म्हटलं.
ती बराच वेळ काहीच बोलली नाही.
मग विचारलं, खोकला कसा आहे,
तिकडे बर्फ पडलं का.

वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने,
उचंत, पाचशे चाळीस.
खुलाशाचा रकाना कोरा.
सरांनी दोन गुण तरी कापले असते.

वही मिटताना पहिलं पान दिसलं.
आमच्याकडे मूल झालं की
बाईला त्याच्या नावाने हाक मारतात.
पहिलीच ओळ, तिच्याच अक्षरात:
खजिनदार, मात्सेदिसो.
त्सेदिसोची आई.

लिम्पोने डोळे न उघडता विचारलं,
पेपर किती वाजता?
नऊला, म्हटलं.
शेगडीतलं रॉकेल संपलं होतं.